ग्रहांची नावं पाठ, धडा मात्र अडतो

प्रश्न : माझा मुलगा दुसरीत आहे. टीव्हीवर ज्ञानाचे कार्यक्रम लागले की जागचा हलत नाही. शनीला कडी असतात, देवमासा हा मासा नव्हेच, सगळं घडाघडा सांगतो. पण मराठीचं पुस्तक पुढे ठेवलं की दुसऱ्या ओळीला पोट दुखायला लागतं. सासूबाई म्हणतात, ते डबडं बंद करा. हे म्हणतात, शिकतोय ना, मग बघू दे की. मी काय करू?
– एक आई, विटा

उत्तर : तुमचे यजमान माहितीबद्दल बोलताहेत, सासूबाई वाचनाबद्दल. दोघांचंही खरं आहे, म्हणून भांडण मिटत नाही.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत पहिली-दुसरीचेच वर्ग घेतले, तेव्हा हे पोटदुखणं माझ्या ओळखीचं आहे. ‘ग्रह’, ‘सूर्य’, ‘पृथ्वी’ हे तीन शब्द त्याला मोठ्या अक्षरात लिहून द्या. तोंडाने तो ते रोज बोलतो. कागदावर मात्र ‘ग्रह’मधला र तिरकी रेघ होऊन ग ला चिकटलाय, ‘सूर्य’मधला रफार होऊन य च्या डोक्यावर चढलाय, आणि ‘पृथ्वी’त प च्या खाली दिसतो तो र नाहीच, ऋकार आहे. टीव्हीवर यातल्या कशाशीच गाठ पडत नाही. निवेदक बोलतो, चित्र सरकतं, आपण पुढे. जोडाक्षरं सुटतात ती रोज थोडं मोठ्याने वाचूनच. त्याला दुसरी वाट मला तरी सापडलेली नाही.

पण म्हणून डबडं बंद करू नका. शब्द आधी कानावरून गेलेला असला की मूल ‘ग्र... ह’ असं अडखळत का होईना, अर्थापर्यंत पोचतं. ज्याने शब्दच ऐकलेला नाही, ते अक्षरं लावून दमतं आणि हाती काही लागत नाही. शिवाय कोषातून फुलपाखरू बाहेर येताना दाखवायला पाठ्यपुस्तकातलं चित्र अपुरंच पडतं. तेव्हा देवमासा बघून झाला की त्याच्यावर चार ओळी तुम्हीच वहीत लिहा आणि त्याला वाचायला लावा. छापील धड्यापेक्षा त्या लवकर वाचेल.

यजमानांना एक काम द्या. शेजारी बसायचं आणि नंतर विचारायचं, ‘देवमासा मासा का नाही रे?’ ‘कारण तो मासा नाही’ असं उत्तर आलं तर पोराने नुसतं बघितलंय. हवा घ्यायला वर येतो, पिल्लाला दूध पाजतो, असं काही निघालं तर शिकलाय. २०२० च्या टाळेबंदीत सह्याद्री वाहिनीवर पहिली ते आठवीसाठी ‘टिलीमिली’ लागायची, ती मला याचसाठी आवडली. घरातल्याच वस्तू घेऊन, घरातल्या माणसांबरोबर करून बघायला लावायची. शिक्षणाच्या नावाखाली नुसती भडक गाणी वाजवणारे कार्यक्रमही ढिगाने आहेत. ते खुशाल बंद करा.

वेळेचं म्हणाल, तर भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने पाच ते दहा वर्षांच्या मुलांना दिवसाला दोन तासांच्या आतच ठेवायला सांगितलंय, आणि त्यात मोबाइलही आला. घरात दोन वर्षांखालचं भावंड असेल तर त्याला शक्यतो काहीच दाखवू नका.

राहिल्या सासूबाई. त्यांनी चष्मा सापडत नाही म्हणावं आणि नातवाकडून देवळाची पत्रिका, किराण्याची यादी, दुधाचा हिशेब वाचून घ्यावा. तो अडला तर थोडं थांबावं, मग अक्षर सांगून टाकावं. ‘एवढंही येत नाही?’ मात्र नको. बालभारतीच्या ‘किशोर’ मासिकाचे १९७१ पासूनचे जुने अंक त्यांच्या संकेतस्थळावर फुकट वाचायला मिळतात. दुसरीच्या मुलाला त्यातल्या गोष्टी जड जातील, त्या रात्री तुम्ही वाचून दाखवा. कोडी आणि छोट्या कविता मात्र छापून त्याच्याच हातात द्या.