ढोलाचा आवाज डोळ्यांना दिसेल का?

प्रश्न : मी पुण्यात एका ढोल पथकात वाजवते. वेगवान कॅमेऱ्यानं टिपलेल्या एका व्हिडिओत टाळीतून निघालेली लाट हवेत पसरताना दिसली. ढोलावर टिपरू पडल्यावर निघणारी लाट अशी दिसेल का? घरी करून बघता येईल का?
– एक वाचक, नऱ्हे

उत्तर : तुमच्या ढोलाची लाट दिसणं फार अवघड आहे, पण तुमच्या तळहाताची ऊब लख्ख दिसेल. असं का, ते सांगतो.

तो व्हिडिओ श्लीरेन पद्धतीचा असणार. छोट्या छिद्रातून आलेला प्रकाश अंतर्वक्र आरशावर पडतो आणि परतून एका बिंदूत जमतो. त्या बिंदूवर ब्लेडची धार अशी आणायची की निम्मा प्रकाश अडेल. ब्लेडमागे कॅमेरा. आरशासमोरची हवा कुठं विरळ, कुठं दाट झाली की तिथले किरण किंचित वळतात. काही ब्लेडवर आपटतात, काही निसटतात. चित्रात तिथं काळोख किंवा उजेड उमटतो. ऑगस्ट टोपलर यांनी १८६४ मध्ये ही पद्धत मांडली. त्याआधी फूको यांनी आरसे तपासायला हीच धार वापरली होती. पुण्यात आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेच्या कार्यशाळांतून ज्यांनी दुर्बिणीचे आरसे घासले, त्यांना ती चाचणी पाठ असते. मीही आरसे घासतो. काचेवर क्षणभर अंगठा टेकवला तरी उबेनं फुगलेला उंचवटा त्या चाचणीत दिसतो, आणि ते बघताना मला आजही तितकाच आनंद होतो.

आता ढोल. १२० डेसिबलच्या आवाजात, म्हणजे कान दुखू लागतात तेव्हा, हवेचा दाब सुमारे २० पास्कलनं हलतो. मुळात हवेचा दाब असतो एक लाख पास्कल! घनतेतला फरक दहा हजारांत दीड भाग एवढाच. तळहात आसपासच्या हवेपेक्षा आठ अंशांनी गरम असेल तर त्याला लागून असलेली हवा शंभरात अडीच भाग विरळ होते, जवळपास दोनशेपट जास्त. शिवाय श्लीरेनला बदल थोडक्या अंतरात व्हायला हवा. १०० हर्ट्झच्या घुमाऱ्याची तरंगलांबी साडेतीन मीटरच्या आसपास. सहा इंची आरशात तिचा एक तुकडा फक्त मावणार, तोही जवळजवळ सपाट. कॅमेरा कितीही वेगवान आणला तरी ही अडचण सुटत नाही.

टाळीची गोष्ट वेगळी. तळहातांमध्ये कोंडलेली हवा झटक्यात बाहेर फेकली जाते, त्यामुळे लाटेची कड तीक्ष्ण असते. फटाक्याची आघातलाट तर याहून ठळक. अर्न्स्ट माख आणि पेटर साल्शर यांनी बंदुकीच्या गोळीपुढची अशी लाट १८८७ मध्ये छायाचित्रासह प्रसिद्ध केली, तीही विजेच्या ठिणगीच्या क्षणभर उजेडात. ४० किलोहर्ट्झचा श्राव्यातीत, म्हणजे कानाला ऐकू न येणारा आवाजही दिसू शकतो: तरंगलांबी साडेआठ मिलिमीटर, आणि एलईडी त्याच कंप्रतेनं लुकलुकवला की तरंग जागीच थांबल्यासारखे दिसतात.

घरी नक्की करा. सहा इंची, १२०० मिलिमीटर नाभीय अंतराचा, मुलामा दिलेला गोलीय आरसा घ्या. एलईडी आणि ब्लेड आरशापासून २.४ मीटरवर, शेजारी शेजारी. पंखा बंद, खोलीत अंधार. ब्लेड केसाकेसानं सरकवत आणा, आरसा सगळीकडून एकसारखा करडा दिसेपर्यंत. घाई केलीत तर काहीच दिसणार नाही. मग आरशापुढं हात धरा. सिगारेटचा लायटर न पेटवता नुसता दाबा. ब्युटेन हवेपेक्षा जड, खाली ओघळताना दिसेल. त्या वेळी खोलीत ज्योत किंवा ठिणगी अजिबात नको, आणि नंतर खिडक्या उघडा.

यासाठी मोबाइलचा स्लो मोशन पुरतो. आवाजाला पुरत नाही: सेकंदाला २४० चित्रं घेतली तरी दोन चित्रांमध्ये आवाज जवळपास दीड मीटर पुढं गेलेला असतो.