वाचकांचे प्रश्न : एस्पेरांतोतला 'न' नेमका कुठे लावायचा?

प्रश्न : एस्पेरांतोचं सगळं व्याकरण 16 नियमांत मावतं असं ऐकून शिकायला घेतली. क्रियापदं पटकन जमली, पण शब्दाच्या शेवटचा 'न' अजून चुकतो. नियम एवढासा असून अडतं कुठे?

उत्तर : अडतं मराठीत. झामेनहोफ यांनी 1887 साली वॉर्सातून ही स्वतः रचलेली भाषा लोकांपुढे ठेवली, तेव्हा नामाला दोनच विभक्ती दिल्या: मूळ रूप, आणि कर्माला 'न' लावून होणारं रूप. बाकीचं काम नामाआधी येणारी अव्ययं करतात. मराठी भूतकाळाची रीत बरोबर उलटी आहे. 'मांजराने उंदीर पकडला' यात प्रत्यय लागतो कर्त्याला, आणि कर्म मोकळं सुटतं. एस्पेरांतोत 'ला कातो काप्तिस ला मुसोन': मांजर (कातो) मोकळं, उंदराला (मुसो) 'न'. (नामाआधीचा 'ला' हा प्रत्यय नव्हे, इंग्रजीतल्या 'the'सारखा शब्द.) आपण मनात मराठी वाक्य जुळवून शब्द बदलत गेलो, की 'मुसो' तसाच राहतो. शब्दांची जागा बदलली तरी चालते. 'ला मुसोन काप्तिस ला कातो' म्हटलं तरी पकडला जातो तो उंदीरच. 'न' चुकून मांजराला लावलात, तर उंदराने मांजर पकडलं!

दुसरा सापळा आपल्या 'ला' या प्रत्ययाचा. 'मुलाला पाहिलं' आणि 'मुलाला पुस्तक दिलं' यांत मराठीला फरक दिसत नाही. एस्पेरांतोत पहिलं 'मी विदिस ला क्नाबोन', दुसरं 'मी दोनिस अल ला क्नाबो लिब्रोन'. (हा 'मी' म्हणजे आपलाच मी, योगायोगच.) जी वस्तू दिली तिला 'न', ज्याला दिली त्याच्याआधी 'अल'. 'अल'नंतर 'न' कधीही येत नाही.

तिसरी जागा खरी गमतीची. 'मांजर टेबलावर उडी मारतं' या वाक्याचे दोन अर्थ होतात. ते टेबलावरच उड्या मारत असेल, तर 'ला कातो साल्तास सुर ला ताब्लो'. खालून वर जात असेल, तर 'सुर ला ताब्लोन'. आठवा नियम सांगतो की अव्ययांनंतर मूळ रूप वापरा. तेरावा सांगतो की दिशा दाखवायची असेल तर 'न' लावा. बरेच जण आठवा पाठ करतात आणि तेराव्याकडे पोचतच नाहीत.

तपासायची पद्धत सोपी आहे. वाक्य लिहून झालं की क्रियापदाखाली रेघ मारा. ते 'एस्तास' (आहे) असेल, तर जे आहे म्हणून सांगितलं त्याला 'न' नाही: 'ला मुसो एस्तास ग्रांदा' (उंदीर मोठा आहे). दुसरं क्रियापद असेल, तर क्रिया कोणावर झाली ते शोधा, 'न' तिथे. मग त्याचं विशेषण पाहा, कारण त्यालाही 'न' हवा: 'ग्रांदान मुसोन'. अनेकवचन असेल तर आधी 'इ', मग 'न': 'ग्रांदाइन मुसोइन'. विशेषणाचा 'न' सर्वांत जास्त विसरला जातो, म्हणून तो शेवटी पुन्हा एकदा बघावा.

प्रश्न : 'सिआ' म्हणजे आपला, एवढं धरून चाललं तर पुरे ना?

उत्तर : पुरत नाही. 'मी आपलं पुस्तक घेतलं' हे मराठीत चालतं, पण 'सिआ' फक्त तृतीयपुरुषी कर्त्याकडे बोट दाखवतं. मी असेन तर 'मिआन लिब्रोन', तुम्ही असाल तर 'विआन'. तो असेल तर मात्र फरक महत्त्वाचा: 'ली वेंदिस सिआन दोमोन' म्हणजे त्याने स्वतःचं घर विकलं, 'लिआन दोमोन' म्हणजे दुसऱ्या कुणाचं तरी. 'सिआ' स्वतः कर्त्यात बसत नाही. 'पेत्रो आणि त्याचा भाऊ आले' इथे 'लिआ फ्रातो'च हवं. जोडवाक्यात आपापल्या उपवाक्याचा कर्ता धरायचा: पेत्रो म्हणाला की कार्लोने 'सिआन दोमोन' विकलं, तर घर कार्लोचं.

प्रश्न : 'कोणीच आलं नाही' यासाठी 'नेनिऊ ने वेनिस' लिहिलं, ते चूक ठरलं. का?

उत्तर : मराठीत 'कोणीच'ला 'नाही'ची जोड लागते, एस्पेरांतोत 'नेनिऊ'मध्येच नकार आहे. बारावा नियम दुसरा नकार काढून टाकायला सांगतो. तुमच्या वाक्याचा अर्थ 'न आलेला कोणीच नाही', म्हणजे सगळे आले! 'नेनिऊ वेनिस' एवढंच पुरे. 'नेनिआम' (कधीच नाही) आणि 'नेनिए' (कुठेच नाही) यांनाही हेच लागू. 'नेनिओ' (काहीच नाही) हे कर्म असेल, तर 'न' तिथेही लागतो: 'मी नेनिओन विदिस'.