अकरावी सायन्स: बायो ठेवू की कॉम्प्युटर सायन्स? दुसरी भाषा की आयटी?

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मुलगी राज्य मंडळातून 86 टक्क्यांनी दहावी झाली, राहायला नाशिकच्या सिडकोत. इंजिनिअरिंग, कृषी आणि मेडिकल यांतलं अजून काहीच पक्कं नाही. अशा वेळी पीसीएमबी (फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स, बायो) घ्यावं की बायो सोडून कॉम्प्युटर सायन्स, आणि मराठी ठेवावी की आयटी? शिवाय दिरांच्या मुलाला कॉमर्सला मॅथ्स की एसपी (सेक्रेटेरियल प्रॅक्टिस), हेही विचारलंय. तुमच्या मुलीबद्दल जास्त लिहितो, कारण सायन्सला विषयांची गाठ चुकीची पडली की ती सोडवायला वर्ष जातं.

आधी बारावीचा सांगाडा. सहा विषय, प्रत्येकी 100, एकूण 600. इंग्रजी सक्तीचं. दुसऱ्या जागी भाषा किंवा तिच्याऐवजी आयटी. उरलेल्या चार जागी फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स, बायो. याशिवाय आरोग्य व शारीरिक शिक्षण आणि पर्यावरण शिक्षण व जलसुरक्षा हे श्रेणीचे विषय. त्यांचे गुण बेरजेत येत नाहीत, पण प्रकल्प आणि वही वेळेत द्यावीच लागते. फिजिक्स, केमिस्ट्री, बायोला लेखी 70 आणि प्रात्यक्षिक 30. गणिताला आणि भाषांना 80 आणि 20. पास व्हायला प्रत्येक विषयात 35.

आता कॉम्प्युटर सायन्स. हा बायफोकल म्हणजे द्विलक्षी विषय, एकटा 200 गुणांचा. तो सहापैकी दोन जागा खातो: दुसरी भाषा आणि एक वैकल्पिक विषय. म्हणजे कॉम्प्युटर सायन्स घेतलं की मराठी किंवा आयटी जातं आणि बायो किंवा मॅथ्स यांतलंही एक जातं. 'पीसीएमबी विथ कॉम्प्युटर सायन्स' अशी जोडी बसत नाही, कुणी तसं सांगत असेल तर लेखी मागा. इलेक्ट्रॉनिक्स, मेकॅनिकल मेंटेनन्स, क्रॉप सायन्स, डेअरी या सगळ्या बायफोकलना हाच हिशेब लागू.

कॉम्प्युटर सायन्सचे दोन पेपर असतात, प्रत्येकी 50 लेखी आणि 50 प्रात्यक्षिक. म्हणजे 200 पैकी 100 प्रात्यक्षिकाचे. टक्का वाढतो तो यामुळे. पण कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या प्रवेशाला बारावीचं कॉम्प्युटर सायन्स अजिबात लागत नाही. आपल्याकडे इंजिनिअरिंगची गुणवत्ता यादी सीईटीच्या, म्हणजे राज्याच्या प्रवेशपरीक्षेच्या, पर्सेंटाइलवर लागते, बारावीचे गुण फक्त पात्रतेपुरते. तेव्हा 'पुढे कॉम्प्युटरला जायचंय म्हणून' हे कारण बाद समजा. 'बायो नकोच आहे आणि एक भाषा कमी वाचायची आहे' हे कारण मात्र चालेल. बायफोकलच्या जागा मोजक्या, प्रवेश वेगळा आणि बऱ्याच ठिकाणी त्याची फीही वेगळी. तेव्हा पसंतीक्रम भरण्याआधी त्या कॉलेजच्या ऑफिसात तीन गोष्टी विचारा: हा विषय यंदा चालू आहे का, त्याचा अर्ज कधी भरायचा, वरची फी किती.

मुलीच्या तीन दिशा घेऊ.

इंजिनिअरिंगला फिजिक्स आणि मॅथ्स हवंच, सोबत केमिस्ट्री किंवा मान्य यादीतला तिसरा विषय. बायो नसलं तरी चालतं. बीएस्सी कृषीला सीईटीचा पीसीएम गट चालतो तसा पीसीबीही चालतो. बी.फार्मचंही तसंच. म्हणजे फक्त इंजिनिअरिंग आणि कृषी यांत मन अडकलं असेल तर बायो ठेवायचं कारण उरत नाही. 'शेतीला बायो लागतंच' हा समज निफाड-दिंडोरीकडच्या पालकांत विशेष पक्का आहे. कृषीला गेल्यावर पिकांचा अभ्यास आधी झालेला बरा, हे खरं, पण प्रवेशाच्या दारात बायो नाही म्हणून कुणी अडवत नाही.

बायो लागतं ते मेडिकलला: एमबीबीएस, बीडीएस, बीएएमएस. नीटसाठी, म्हणजे मेडिकलच्या प्रवेशपरीक्षेसाठी, फिजिक्स, केमिस्ट्री, बायो आणि इंग्रजी. मग तुमच्यासाठी खरा प्रश्न इतकाच राहतो की मेडिकल मनापासून यादीत आहे की 'असू दे म्हणून' आहे. याचं उत्तर मुलीला द्यायला लावा, तुम्ही देऊ नका. बायोची दहावीची प्रकरणं तिने आवडीने वाचली होती की पाठ करून टाकली होती, एवढं विचारलं तरी अंदाज येतो.

असू दे म्हणून ठेवलेल्या बायोची किंमत मोठी असते. एमएचटी-सीईटीत अकरावीचा भाग सुमारे 20 टक्के आणि बारावीचा 80 टक्के, निगेटिव्ह मार्किंग नाही. नीट आणि जेईईत (आयआयटी-एनआयटीची प्रवेशपरीक्षा) अकरावीही पूर्ण वजनाने येते आणि चुकीला गुण कापतात. तिन्ही परीक्षा एकदम करणारी मुलं बहुधा अकरावीची फिजिक्स-केमिस्ट्री अर्धवट सोडतात आणि ती तूट तिन्हीकडे भरावी लागते. सीईटीलाही पीसीएम आणि पीसीबी या दोन वेगळ्या परीक्षा, दोन वेगळे पर्सेंटाइल.

तरीही माझं मत: मेडिकल खरोखर यादीत असेल तर पीसीएमबी घ्या आणि दिवाळीपर्यंत निकाल लावा. मॅथ्स सोडून पीसीबी करण्याची घाई मात्र करू नका. मॅथ्स गेलं की इंजिनिअरिंग, एनडीएचे हवाई दल व नौदल आणि मर्चंट नेव्ही असं बरंच काही एका झटक्यात बंद होतं.

विषय नंतर बदलण्याबद्दल. 'नाही जमलं तर सोडून देऊ' असं होत नाही, कारण सहाची बेरीज भरावी लागते. बायो सोडलं तर त्या जागी दुसरा विषय हवा. काही कॉलेजांत भूगोल मिळतो. कॉलेजात तो विषय शिकवतच नसतील तर बदलाचा प्रश्नच मिटला. बदल अकरावीच्या सुरुवातीच्या महिन्यांत सोपा, प्राचार्यांकडे अर्ज दिला की होतो. बारावीत विषय बदलायचा तर मंडळाच्या विभागीय कार्यालयाची मान्यता आणि मागे पडलेला अकरावीचा अभ्यास, दोन्ही अंगावर येतात. तोंडी 'हो, बसा त्या वर्गात' यावर विसंबू नका. मुलगी भूगोलाच्या वर्गात बसते आणि मंडळाच्या अर्जात बायोच राहतं, हा घोळ नेहमीचा आहे.

बारावीनंतर राहिलेला विषय 'तुरळक विषय' म्हणून वेगळा देता येतो. 2023 मध्ये राष्ट्रीय वैद्यक आयोगाने बारावीनंतर जादा विषय म्हणून बायो दिलेल्यांनाही नीटसाठी पात्र धरायचं ठरवलं. रस्ता आहे, पण प्रात्यक्षिकाचा विषय असा मागाहून करणं कटकटीचं असतं. त्यावर आधीपासून बेत रचू नये.

भाषा की आयटी? आयटीची परीक्षा संगणकावर होते, लेखी भाग 80 आणि प्रात्यक्षिक 20, आणि नियमित लॅब केली तर गुण चांगले पडतात. मराठीला निबंधलेखन, व्याकरण, उपयोजित मराठी हे सगळं लिहून काढावं लागतं, पण घरची भाषा असल्याने क्लास लागत नाही. ज्या कॉलेजात आयटीला कायम शिक्षक नाही आणि लॅब आठवड्यातून एकदाच उघडते, तिथे मराठीच बरी. संस्कृत किंवा जर्मन दहावीला नीट झालं असेल तर तेही उत्तम गुण देतं, फक्त कॉलेजात ती भाषा प्रत्यक्ष शिकवतात का ते बघा.

जेईईतून एनआयटी किंवा आयआयटीचा विचार असेल तर हा भाषा-आयटीच्या जागेचा विषय अचानक महत्त्वाचा होतो. तिथे 75 टक्क्यांची अट फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स, एक भाषा आणि आणखी एक विषय अशा पाचांवर मोजतात, म्हणजे 500 पैकी 375. अनुसूचित जाती-जमाती आणि दिव्यांगांना 65 टक्के. मंडळाच्या वरच्या 20 पर्सेंटाइलमध्ये असाल तरीही चालतं. पाचवा विषय गुण देणारा असेल तर फिजिक्समध्ये पडलेलं भगदाड बुजतं.

आता पास होणं आणि पात्र होणं यातला फरक. मुलं क्लासच्या टेस्ट सिरीजमध्ये इतकी बुडतात की हा भाग शेवटच्या महिन्यात आठवतो. समजा फिजिक्सला लेखी 20 आणि प्रात्यक्षिक 27, केमिस्ट्रीला 18 आणि 27, गणिताला 18 आणि 17. सगळ्यांत 35 च्या वर किंवा बरोबर, म्हणजे पास. बेरीज 47, 45, 35 मिळून 127. इंजिनिअरिंगला खुल्या गटात तीन विषयांत 45 टक्के, म्हणजे 300 पैकी 135 लागतात. सीईटीला 90 पर्सेंटाइल असला तरी ही मुलगी बाहेर. राज्यातल्या मागासवर्गीय उमेदवारांना 40 टक्के, म्हणजे 120, त्यात ती बसली असती. मेडिकलला फिजिक्स, केमिस्ट्री, बायो मिळून खुल्या गटाला 150 आणि राखीव गटांना 120. घसरण बहुतेक वेळा गणितात होते, कारण तिथे प्रात्यक्षिकाचा आधार 30 नव्हे, 20 चा आहे.

दुसरा सापळा इंग्रजी. इंटिग्रेटेड बॅचमध्ये, म्हणजे कॉलेज आणि क्लास एकत्र बांधलेल्या बॅचमध्ये, इंग्रजीचे तास नावापुरते. त्या विषयात पास होता आलं नाही तर बारावी नापास, मग सीईटीचा पर्सेंटाइल कितीही असो. पुरवणी परीक्षा जून-जुलैत असते, तोवर प्रवेशफेऱ्या सुरू झालेल्या असतात. आठवड्यातून दोन तास द्या, मागच्या पाच वर्षांचे पेपर सोडवून घ्या, पुरे.

इंटिग्रेटेडबद्दल विचारलं नाहीत, तरी कॉलेज रोडवर गेलात की कुणीतरी गाठून विचारेलच: नाव सिन्नर किंवा त्र्यंबककडच्या कॉलेजात, शिकवणी इथे क्लासमध्ये. सही करण्याआधी एवढंच विचारा: प्रात्यक्षिकं कुठे आणि आठवड्यातून किती दिवस? 75 टक्के हजेरीची अट कॉलेज कशी पाळतं? जर्नल कोण तपासून सही करतं? उत्तर 'ते सगळं मॅनेज होतं' असं आलं तर तिथून उठा. फिजिक्स-केमिस्ट्रीचे 60 गुण प्रात्यक्षिकाचे आहेत आणि परीक्षेच्या आदल्या आठवड्यात टायट्रेशन शिकता येत नाही.

आता अकरावीच्या प्रवेशाचं. नाशिक महापालिका हद्दीत केंद्रीय ऑनलाइन प्रवेश आधीपासूनच होता, 2025-26 पासून तो राज्यभर झाला. अर्जाच्या पहिल्या भागात माहिती, दुसऱ्या भागात 10 पर्यंत पसंतीक्रम. दहावीचे सर्वोत्तम पाच विषयांचे, म्हणजे 500 पैकीचे गुण धरतात. पहिल्या क्रमांकाचं कॉलेज मिळालं आणि प्रवेश घेतला नाही तर पुढच्या नियमित फेऱ्यांतून बाहेर. दोन ते दहामधलं मिळालं तर थांबता येतं. म्हणून पहिल्या जागी 'बघू, लागलं तर' म्हणून नाव टाकू नका. तिथे हवी ती विषयांची जोडी खरंच मिळते का, हे आधी पाहिलेलं असलं पाहिजे.

एकाच कॉलेजचे अनुदानित, विनाअनुदानित आणि स्वयंअर्थसहाय्यित वर्ग वेगवेगळ्या नोंदींनी दिसतात. फीतला फरक मोठा असतो, नोंद उघडून वाचा. सिडकोतून रोज जायचं तर गंगापूर रोडचं केटीएचएम आणि कॉलेज रोडचं आरवायके ही नावं सगळेच वर टाकतात. पण क्लास कुठे आहे ते आधी ठरवा. सकाळी कॉलेज, दुपारी क्लास, संध्याकाळी सिटीलिंक बसने घर, यात दोन तास रस्त्यावर जात असतील तर सिडकोतलंच केएसकेडब्ल्यू बघायला हरकत नाही. बारावीच्या मंडळाच्या परीक्षेत कॉलेजच्या नावाला गुण नसतात, लॅब आणि शिक्षक नियमित आहेत का एवढंच पाहायचं. मुलीची शाळा आणि ज्युनिअर कॉलेज एकाच संस्थेचं असेल तर इनहाउस कोट्याच्या 10 टक्के जागाही विचारून ठेवा.

दिरांच्या मुलाचं लवकर आटपतं. सीए करायचं असेल किंवा दिल्ली विद्यापीठात इकॉनॉमिक्स ऑनर्सचं स्वप्न असेल तर मॅथ्स. सीए फाउंडेशनच्या तिसऱ्या पेपरात बिझनेस मॅथ्स, लॉजिकल रीझनिंग आणि स्टॅटिस्टिक्स आहे. एसपीवाली मुलंही तो काढतात, फक्त शून्यापासून सुरुवात करावी लागते. दहावीला गणितात कसाबसा निभाव लागला असेल तर एसपी घ्यावं. बीबीए-बीसीएला 2024 पासून वेगळी सीईटी आहे, तिथे बारावीला एसपी होतं म्हणून अडत नाही. कॉमर्सचं गणित सायन्सच्या गणिताहून वेगळा विषय आहे, ते घेऊन पुढे इंजिनिअरिंगकडे वळता येत नाही.

शेवटची दोन कागदी कामं. बारावीच्या अर्जानंतर कॉलेज प्रिलिस्ट, म्हणजे अर्जातल्या माहितीची छापील यादी, दाखवून सही घेतं. त्यावर नुसतं नाव वाचू नका, विषयांचे सांकेतांक बघा: फिजिक्स 54, केमिस्ट्री 55, बायो 56, सायन्सचं गणित 40, कॉमर्सचं 88. आणि आरक्षणाचा लाभ घेणार असाल तर जात पडताळणीचा अर्ज कॉलेजमार्फत अकरावीतच टाका. अकरावीच्या प्रवेशाला जातीचा दाखला पुरतो, व्यावसायिक प्रवेशाला वैधता प्रमाणपत्र लागतं आणि जून-जुलैत पडताळणी समितीच्या दारात रांग असते. आजोबांच्या शाळेचा दाखला किंवा महसुली नोंद शोधायला गावी जावं लागणार असेल तर या सुट्टीतच जाऊन या.