संभोग झालेला नाही, फक्त ओरल आणि कपड्यांवरून जवळीक झाली. हर्पीस होईल का?

कपडे अंगावर असताना जे झालं, ते डोक्यातून काढून टाका. प्रश्न उरतो ओरलचा, आणि तिथे धोका थोडा का होईना, आहे. हर्पीस त्वचेला त्वचा लागून पसरतो. त्यासाठी संभोगच व्हायला हवा असं नाही. तापानंतर ओठाच्या कडेला पाणीदार फोडांचा झुबका येतो ना, तो बहुतेकदा एचएसव्ही-१ चा, म्हणजे हर्पीसच्या दोन विषाणूंपैकी एकाचा. तोच विषाणू तोंडातून गुप्तांगाला जाऊ शकतो, कधीकधी फोड दिसत नसतानाही. समोरच्याच्या ओठावर तेव्हा फोड होता का, हे सरळ विचारा. लाजण्यासारखं त्यात काही नाही, जगात ५० वर्षांखालच्या निम्म्याहून जास्त लोकांच्या अंगात हा विषाणू आहे.

लक्षणं आलीच तर साधारण २ ते १२ दिवसांत दिसतात: आधी चुरचुर, मग बारीक फोड, मग दुखरी जखम. तसं काही दिसलं तर लगेच त्वचारोगतज्ज्ञांकडे जा. ओल्या फोडाचा स्वॅब (कापसाच्या काडीवर नमुना) घेऊन पीसीआर, म्हणजे थेट विषाणू शोधणारी चाचणी, केली की खरं काय ते कळतं. आज घाईने लॅबमध्ये जाऊन आयजीएम ही रक्तातल्या अँटिबॉडीची चाचणी करू नका, त्याच्या निकालाने गोंधळच वाढतो. आयजीजी ही दुसरी अँटिबॉडी चाचणी करायचीच असेल तर १२ आठवड्यांनी. आणि दर तासाला टॉर्च लावून तपासणं बंद करा, घासून घासून लाल झालेली कातडीही फोडासारखी वाटायला लागते.