'त्वरण' आणि सेकंदाचा वर्ग

प्रश्न असा आहे: नववीतल्या मुलीला 'त्वरण म्हणजे त्वरा, घाई' असं समजावलं तर चालेल का? आणि त्याचं एकक 'मीटर प्रति सेकंद वर्ग' असेल, तर वर्गमीटर जसा जमिनीवर आखता येतो तसा सेकंदाचा वर्ग दाखवायचा कुठे?

त्वरा, त्वरित, सत्वर आणि त्वरण ही 'त्वर्' या एकाच धातूची लेकरं. स्मरण, हरण यांच्यासारखंच त्वरण: धातूला 'अन' लागला आणि आधीच्या 'र'मुळे न चा ण झाला. नातं खरं, पण अर्थ म्हणून 'घाई' सांगू नका. वेग किती आहे ते त्वरण सांगत नाही. तो किती झपाट्याने बदलतोय ते सांगतं. सरळ रस्त्यावर ताशी १०० किलोमीटरने एकसारख्या धावणाऱ्या गाडीचं त्वरण शून्य. सिग्नल सुटल्यावर नुकत्याच हललेल्या रिक्षाचं मात्र शून्य नाही. बोलीत यासाठी आपल्याकडे फार नेमका शब्द आहे, 'पिकअप'. 'गाडीचा पिकअप चांगला आहे' असं म्हणणारा मेकॅनिक त्वरणाबद्दलच बोलत असतो. मुलीला तिथून सुरुवात करून द्या.

पिकअप मात्र वेग वाढण्यापुरता. ब्रेक दाबल्यावर येतं ते ऋण त्वरण, म्हणजे मंदन. आणि रोजच्या बोलण्यात 'चाल' आणि 'वेग' आपण सरमिसळ वापरत असलो, तरी भौतिकशास्त्रातल्या वेगाला दिशा असते. म्हणून स्पीडोमीटरचा काटा जागचा न हलवता वळण घेणाऱ्या बसलाही त्वरण असतं. तिथे त्वरेचा मागमूसही नसतो.

मराठी विज्ञानलेखनात 'प्रवेग' हाही शब्द भेटतो. मला तो कमी पटतो, कारण ऐकताना 'मोठा वेग' असा भास होतो. 'त्वरण'मध्ये निदान क्रिया ऐकू येते.

आता तो वर्ग. उभी गाडी १० सेकंदांत ताशी ३६ किलोमीटरवर पोचली, तर तिचा वेग सरासरी दर सेकंदाला ताशी ३.६ किलोमीटरने वाढला. 'किलोमीटर प्रति तास प्रति सेकंद' हेही त्वरणाचं पूर्ण वैध एकक आहे, आणि त्यात वर्ग कुठेच नाही! वेळ दोनदा येते: एकदा वेगाच्या पोटात, एकदा तो वेग बदलायला किती काळ लागला ते सांगायला. ताशी ३६ किलोमीटर म्हणजे सेकंदाला १० मीटर. म्हणजे तीच वाढ दर सेकंदाला '१ मीटर प्रति सेकंद' इतकी झाली. दोन्ही ठिकाणी सेकंदच आले, म्हणून लिहिण्याच्या सोयीसाठी 'मी/से²'. तो वर्ग आकृतीतला चौकोन नाही, एकाच एककाने दोनदा भागल्याची खूण आहे.

गुरुत्व त्वरण सुमारे ९.८ मी/से². देठ तुटलेला नारळ पहिल्या सेकंदाअखेर ताशी सुमारे ३५ किलोमीटरने खाली येत असतो, दुसऱ्या सेकंदाअखेर ७० ने. तेवढ्यात तो जवळजवळ २० मीटर पडलेला असतो. माडाखाली का उभं राहू नये ते यातून कळतं.

म्हणून मोठ्याने वाचताना 'नऊ पूर्णांक आठ मीटर प्रति सेकंद, दर सेकंदाला' असं वाचायची सवय लावा. 'सेकंद वर्ग' वहीत लिहिण्यापुरता राहू द्या.