चिप, गोंदण की गळ्यातला बिल्ला? कुत्र्याच्या कायमच्या ओळखीबद्दल तुमचे प्रश्न

दिवाळी संपली की माझ्या जनावरांच्या दवाखान्यात दोन प्रकारची माणसं येतात. फटाक्यांना बिथरून पळालेला कुत्रा अजून घरी आला नाही म्हणून रडवेली झालेली काही, आणि कुणाचा तरी बिथरलेला कुत्रा सापडला म्हणून त्याला दोरी बांधून घेऊन आलेली काही. या दोघांची गाठ पडेल का, हे त्या कुत्र्याच्या अंगावर वाचता येईल अशी खूण आहे का यावर ठरतं. यंदा या विषयावरची पत्रं पुष्कळ आली आणि त्यांतले गैरसमज तेच ते आहेत, म्हणून उत्तरं एकत्र देतो.

चिप बसवल्यावर कुत्रा कुठे आहे ते मोबाइलवर दिसेल ना? (ठाणे)

नाही. चिप म्हणजे कातडीखाली सोडलेली, आकडा असलेली बारीक कुपी. तिच्यात बॅटरी नसते. स्कॅनर अगदी अंगाजवळ धरला तरच तिच्यातला आकडा दिसतो. ‘जीपीएसवाली चिप’ म्हणून कुणी जादा पैसे मागत असेल तर तिथून उठा. जीपीएसचं यंत्र पट्ट्याला लावतात आणि ते चार्ज करावं लागतं.

आमच्याकडे कारवान जातीच्या शिकारी कुत्र्यांची जोडी आहे आणि आसपास कुत्री चोरीला जाताहेत. कुणी गोंदवा म्हणतं, कुणी चिप बसवा म्हणतं, शेजारचे आजोबा मांडीवर डाग द्या म्हणतात. काय करावं? (सांगली जिल्हा)

डाग अजिबात देऊ नका. ती क्रूरता आहे, १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली तुमच्यावरच तक्रार होऊ शकते. कानाला खाचही पाडू नका. ती नसबंदी झालेल्या भटक्या कुत्र्यांची खूण आहे. उद्या तुमचा कारवान हरवला तर लोक त्याला रस्त्यावरचाच समजतील.

गोंदण कानाच्या आतल्या बाजूला किंवा मांडीच्या आत करतात. ते नुसत्या डोळ्यांना दिसतं, चोरालाही दिसतं, हा त्याचा खरा फायदा. पण त्यासाठी भूल द्यावी लागते, पिल्लू वाढतं तशी अक्षरं पसरतात, शाई फिकी होते, काळ्या कातडीवर तर वाचताच येत नाही. तीनचा आठ करायला चोराला फार कष्ट पडत नाहीत. युरोपीय संघाने ३ जुलै २०११ नंतर केलेलं गोंदण प्रवासासाठी ओळख म्हणून धरणं बंद केलं, ते उगाच नाही.

चिप म्हणजे साधारण १२ मिलिमीटर लांब आणि २ मिलिमीटर जाड अशी काचेची कुपी. जाड सुईने दोन खांद्यांच्या मधल्या सैल कातडीखाली सोडतात. आतला १५ अंकी आकडा बदलता येत नाही. चिप आयएसओ या आंतरराष्ट्रीय मानकाची आणि १३४.२ किलोहर्ट्झ लहरींवर चालणारी आहे ना, हे विचारून घ्या. नाहीतर दुसऱ्याच्या स्कॅनरला ती दिसणारच नाही. दोन्ही कुत्र्यांचे आकडे लिहून ठेवा, चोरी झालीच तर पोलीस तक्रारीत तो आकडा घालायचा. माझं मत विचाराल तर चिप आणि गळ्यात फोन नंबरचा बिल्ला. गोंदण करायचंच असेल तर नसबंदीच्या वेळी, भूल दिलेली असताना करता येईल का, ते तुमच्या डॉक्टरांना विचारा.

आठ महिन्यांपूर्वी लॅब्रेडोर घेतला. विकणाऱ्याने ‘चिप आहे, नोंदणी झाली आहे’ असं सांगून कागद दिला. आता निर्धास्त राहायला हरकत नाही ना? (पनवेल)

हरकत आहे, आणि या प्रश्नाचं उत्तर जरा सविस्तर देणार आहे.

पहिली गोष्ट, आठ महिन्यांत तुम्ही एकदा तरी कुत्रा स्कॅन करून घेतलात का? माझ्या दवाखान्यात कागदावर एक आकडा आणि अंगात दुसरा, किंवा अंगात काहीच नाही, अशी पिल्लं आली आहेत. २०१७ च्या श्वान प्रजनन नियमांनी पैदास करणाऱ्यांना चिप सक्तीची केली आहे. पण नियम आहे म्हणून पिल्लाच्या अंगात चिप आहेच असं होत नाही. पैसे देण्याआधी समोर स्कॅन करून कागदाशी आकडा पडताळायचा. विकणारा ‘स्कॅनर बिघडलाय’ म्हणाला तर पिल्लू घेऊन शेजारच्या पशुवैद्याकडे जायचं.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. चिपमध्ये तुमचं नाव नसतं, पत्ता नसतो, फोनही नसतो. फक्त आकडा असतो. त्या आकड्यापुढे कुठल्या तरी वहीत तुमचा फोन लिहिलेला असेल तरच कुत्रा घरी येतो. ‘नोंदणी झाली’ म्हणजे कुणाच्या नावावर? बहुतेक वेळा विकणाऱ्याच्या! मग कुत्रा सापडला की फोन त्याला जातो, आणि तो उचलेलच असं नाही. अमेरिकेत प्राण्यांच्या ५३ निवाऱ्यांत आलेल्या ७,७०४ चिपवाल्या जनावरांचा अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. जवळपास तीन-चतुर्थांश जनावरांचे मालक सापडले. बाकीच्यांचे न सापडण्याचं सगळ्यात मोठं कारण काय, तर नोंदलेला फोन चुकीचा किंवा बंद. म्हणजे चिप चालू होती, आपण लिहिलेला नंबर मेला होता.

आपल्याकडे अडचण आणखी मोठी आहे. गाईम्हशींच्या कानातल्या बिल्ल्यावरचा १२ अंकी आकडा सरकारी नोंदीत जातो. पाळीव कुत्र्यांसाठी मात्र देशभर सगळे वापरतात अशी एकच नोंदवही नाही. चिप बनवणाऱ्या कंपनीची वेगळी, केनेल क्लबची, म्हणजे जातिवंत कुत्र्यांची नोंद ठेवणाऱ्या संस्थेची वेगळी, दवाखान्याची वेगळी. म्हणून सांगतो, आकडा सगळीकडे द्या: कंपनीच्या नोंदीत, डॉक्टरांच्या फाइलीत, लसीच्या पुस्तकात, महापालिकेच्या परवान्याच्या अर्जात. सिम बदललं, घर बदललं की त्याच आठवड्यात नोंद बदला. गॅसचा, बँकेचा नंबर आपण बदलतो, कुत्र्याचा राहतो.

आणि लसीला जाल तेव्हा दर वर्षी स्कॅन करायला सांगा. चिप कधीकधी सरकून खांद्यावर किंवा पुढच्या पायाकडे येते. मानेवर एकदा स्कॅनर फिरवून ‘चिप नाही’ म्हणणाऱ्याला सावकाश, दोन्ही बाजूंनी पुन्हा फिरवायला लावा. या आठवड्यातच जा.

चिपमुळे कॅन्सर होतो असा मेसेज आला आहे. (नाशिक)

तो मेसेज पुढे पाठवू नका. प्रयोगशाळेतल्या उंदरांमध्ये चिपजवळ गाठी दिसल्या होत्या, त्यावरून हे पसरलं. कुत्र्यांमध्ये अशा नोंदी अगदी मोजक्या आहेत, आणि हरवून गाडीखाली येणारे कुत्रे मी दर वर्षी पाहतो. तरी चिपच्या जागी गाठ लागली तर वाट न पाहता दाखवा.

नाकाचा ठसा घेणारं अ‍ॅप आहे. मग सुई कशाला? (पुणे)

कुत्र्याच्या नाकावरची नक्षी प्रत्येकाची वेगळी असते हे खरं. पण घाबरलेल्या कुत्र्याच्या ओल्या, हलत्या नाकाचा नीट फोटो काढायचा, आणि तोही सापडवणाऱ्याकडे तेच अ‍ॅप असेल तरच उपयोगाचा. जोडीला ठेवा, चिपच्या जागी नको.

तीन महिन्यांनी म्युनिकला बदली आहे. कुत्र्याच्या रेबीजच्या लसी दर वर्षी झाल्या आहेत. चिप जाण्याच्या आठवड्यात बसवली तर चालेल का? (पुणे)

चालणार नाही, आणि तीन महिने पुरणारही नाहीत. आधी चिप, मग रेबीजची लस. चिपच्या आधीची लस धरत नाहीत, कारण ती याच कुत्र्याला दिली हे सिद्ध होत नाही. लसीनंतर किमान ३० दिवसांनी, लस लागू पडली का ते मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत तपासायला रक्त घ्यायचं, आणि भारतातून जाताना रक्त घेतल्या दिवसापासून तीन महिने थांबायचं. हिशेब करा, चार महिने होतात. उद्याच चिप बसवा, मुंबईच्या पशु संगरोध (क्वारंटाइन) कार्यालयात कागदपत्रं विचारा आणि कुत्रा मागाहून नेण्याची सोय बघा.

पिल्लू दोन महिन्यांचं आहे. आत्ता चिप बसवावी का? (कोल्हापूर)

हो, लसीच्या भेटीतच. पिल्लू अशक्त असेल तर डॉक्टर सांगतील तेव्हा.

आमचा मोती अकरा वर्षांचा आहे, घर सोडून जात नाही. आता कशाला? (रत्नागिरी)

म्हातारा कुत्रा कानाने, डोळ्याने कमी होतो आणि नेहमीच्याच गल्लीत वाट चुकतो. फाटक उघडं राहिलं एवढं पुरतं. चिपला भूल लागत नाही, वयाची अडचण नाही. त्याला हृदयाचा किंवा रक्त गोठण्याचा काही त्रास असेल, गोळ्या चालू असतील, तर ते डॉक्टरांना आधी सांगा. आणि आजच त्याच्या गळ्यात बिल्ला घाला, फोन नंबर ठळक अक्षरात.