फॉन्ट आवडला, पण त्यात तुमचं नाव लिहून बघितलंत का?

दिवाळी जवळ आली की फराळवाले, मसालेवाले, नवीन गाळा घेतलेले सगळे एकदम जागे होतात आणि मला एकच प्रश्न दहा तऱ्हांनी विचारतात, की तो सजावटीचा डिस्प्ले फॉन्ट आमच्या धंद्याच्या नावाला वापरू का. पाट्या आणि लेबलांची अक्षरं लावण्यात माझी बरीच वर्षं गेलीत, म्हणून यावेळी नेहमीचे प्रश्न एकत्र घेतोय.

घरगुती मसाल्याचा ब्रँड आहे, मोदक फॉन्ट फार आवडलाय. पाकिटावर सगळं त्यातच छापलं तर एकसारखं दिसेल ना? (सांगली)

एकसारखं दिसेल, वाचता येणार नाही. मोदक हा मुंबईच्या एक टाइपचा फॉन्ट, इतका गुबगुबीत की अक्षराच्या पोटात नुसती पांढरी रेघ उरते, मोठ्या नावाला ती झकास दिसते पण बारीक मजकुरात शाई पसरली की रेघ बुजते आणि घ कुठला ध कुठला ते कळत नाही. नाव मोदकमध्ये ठेवा, बाकी सगळं मुक्तासारख्या साध्या फॉन्टमध्ये. आणि वजन, किंमत वगैरेच्या अक्षरांची कमीत कमी उंची लीगल मेट्रॉलॉजीच्या, म्हणजे वजन-मापाच्या नियमांत ठरलेली आहे, एफएसएसएआयचा, म्हणजे अन्नसुरक्षेच्या सरकारी संस्थेने लावलेला मजकूरही इंग्रजीत किंवा देवनागरी हिंदीत लागतो, मराठी वरून जास्तीचं द्या हवं तर. छापण्याआधी लेबल फूड लायसन्सचं काम करणाऱ्या माणसाला दाखवाच.

बोर्डावर तीन वेगवेगळे डिस्प्ले फॉन्ट चालतील का?

नाही.

एकाने पेनड्राइव्हमध्ये पाच हजार फॉन्ट दिलेत, म्हणतो एकदा पैसे भरले की सगळे आपलेच. लोगोला वापरले तर कोण विचारतंय? (नाशिक)

तुम्ही पैसे पेनड्राइव्हवाल्याला दिलेत, फॉन्ट बनवणाऱ्याला नाही. फॉन्टची फाइल हे सॉफ्टवेअर आहे, त्याला लायसन्स असतं, आणि ‘नेटवर मिळाला म्हणजे फुकट’ हे ज्याने कुणी पसरवलं त्याला एकदा भेटायचंय मला. त्या गठ्ठ्यात निम्मे जुने, युनिकोडच्या (प्रत्येक अक्षराला जगभर एकच ठरलेला नंबर) आधीच्या पद्धतीचे असतात ते वेगळंच, फाइल दुसऱ्या मशीनवर उघडली की मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरांची भेळ. कायदेशीर फुकट हवं असेल तर गूगल फॉन्ट्सवर बलू, यात्रा वन, रोझा वन आहेत, त्यांचं ओपन फॉन्ट लायसन्स धंद्याला आणि लोगोला चालतं, फक्त फॉन्टची फाइल नुसती सुटी विकायची नाही. श्रीखंड नावाला भुलून उतरवू नका, त्यात गुजराती आणि रोमन आहे, देवनागरी नाहीच.

आणि तयार टेम्प्लेटमधून पाच मिनिटांत केलेला लोगो ट्रेडमार्कला टाकताय तर थांबा, तोच टेम्प्लेट आणखी कितीजणांनी घेतलाय कुणास ठाऊक. लहान उद्योगाला ऑनलाइन अर्जाची सरकारी फी मालाच्या एका वर्गाला ४,५०० रुपये आहे, ती बुडवण्यापेक्षा आधी ट्रेडमार्कवाल्या वकिलाशी बोला.

आमच्या केटरिंगचं नाव ‘आचाऱ्याचा हात’ आहे. डिझायनरने झकपक फॉन्ट लावला त्यात ‘आचार्याचा हात’ असं आलं. तो म्हणतो लोक समजून घेतात. खरंच एवढा फरक पडतो? (ठाणे)

पडतो! तुम्ही जेवण घालताय का प्रवचन देताय? आचारी वेगळा, आचार्य वेगळे. दऱ्या म्हणजे डोंगरातल्या, दर्या म्हणजे समुद्र. हा चंद्रकोरीसारखा अर्धा र मराठीत रोज लागतो, वाऱ्यावर, सुऱ्या, कऱ्हाडे, गोऱ्हे, पण बऱ्याच सजावटी फॉन्टमध्ये तो काढलेलाच नसतो कारण बनवणाऱ्याच्या डोळ्यासमोर हिंदी असते, आणि मग डिझायनर वर रफार टाकून मोकळा होतो. कधी फॉन्टमध्ये असतो पण टाइप करणाऱ्याला तो नुक्तावाल्या ऱ-ने करायचा हेच माहीत नसतं. ॲ-चं तेच, हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ ला आलं, त्यामुळे जुन्या फॉन्टमध्ये ‘ॲकॅडमी’ लिहिलं की सुरुवातीलाच रिकामी चौकट. ल आणि श-ची तर रडकथाच आहे, मराठी वळणाचा आणि हिंदी वळणाचा दोघांना युनिकोडमध्ये नंबर एकच, कुठला दिसणार ते फॉन्ट ठरवतो, चांगल्या फॉन्टमध्ये दोन्ही असतात पण सॉफ्टवेअरमध्ये भाषा मराठी निवडली तरच मराठी वळण येतं, ते कुणी निवडत नाही. आणि जुन्या फोटोशॉपमध्ये वर्ल्ड-रेडी लेआउट ही आपल्या लिप्या नीट जोडणारी सेटिंग चालू नसेल तर पहिली वेलांटी अक्षराच्या मागे जाऊन बसते, जोडाक्षरं सुटी होतात, आणि असा बोर्ड लाखभर रुपये घालून लावलेला मी स्वतः बघितलाय, मालक म्हणाले आता लावलाय तर राहू दे, तो तसाच आहे अजून, मी तो रस्ताच टाळतो.

फॉन्टच्या नमुन्यात ‘नमस्कार’ छान दिसतो म्हणून भुलायचं नाही. तुमचं पूर्ण नाव, पत्ता, पदार्थांची नावं, ष्ट्य, त्र्य, ळ सगळं त्यात टाइप करायचं, आणि बारीक करून, व्हॉट्सॲपच्या गोल डीपीत टाकून बघायचं. अडलं तर फॉन्ट बदला, नाहीतर तेवढं नाव अक्षरं काढणाऱ्या कलाकाराकडून हातानं करून घ्या. कमल शेडगेंनी नाटकांची नावं काढली ती हातानंच, प्रत्येक नाटकाला वेगळं वळण. तुमच्या डिझायनरला मात्र माझ्याकडून सांगा की लोक समजून घेत नाहीत, हसतात. आणि प्रूफ मराठी नीट वाचणाऱ्या दोघांना तरी दाखवा.

मराठी पाटी सक्तीची आहे म्हणे. इंग्रजी नाव मोठ्या स्टायलिश फॉन्टमध्ये, खाली मराठी छोटं, चालेल? (पुणे)

चालणार नाही. दुकानं-आस्थापना कायद्याच्या २०२२ च्या दुरुस्तीनंतर दहापेक्षा कमी कामगारांच्या दुकानालाही हे लागू झालंय, मराठी देवनागरीत, सुरुवातीला, आणि अक्षरं दुसऱ्या भाषेपेक्षा लहान नकोत. एकाच पॉइंट साइजला देवनागरी रोमन कॅपिटलपेक्षा बारकी दिसते, तेव्हा फाइलमधल्या आकड्यावर जाऊ नका, पट्टी लावून मोजा. ‘सगळेच तसं लावतात’ हे मला ऐकवू नका, कामगार खात्याच्या दुकानं-आस्थापना ऑफिसात विचारून घ्या.

इथे मिसळीचा फूड ट्रक सुरू करतोय. इंग्रजी नावाला तो हिंदीसारखा दिसणारा समरकन फॉन्ट कसा वाटेल? (एडिसन, न्यू जर्सी)

परदेशातल्या अर्ध्या इंडियन हॉटेलांसारखा. इंग्रजीला शिरोरेघ ओढून ती देवनागरी होत नाही हो. मिसळ आहे ना, मग ‘मिसळ’ देवनागरीतच मोठं लिहा आणि खाली साधं इंग्रजी. पोरं विचारतील हे काय, सांगता येईल.

परवा उद्घाटन आहे. बारीक, वळणदार हस्ताक्षरासारख्या फॉन्टचा एलईडी बोर्ड दोन दिवसांत होईल का? (कोल्हापूर)

परवा? बारीक काठाच्या अक्षरात एलईडीची पट्टी बसत नाही, बसवली तर उजेड ठिपक्या-ठिपक्यांनी येतो, आणि शिरोरेघेमुळे अख्खा शब्द सलग कापावा लागतो त्यामुळे एक काना चुकला की पूर्ण तुकडा वाया. परवा साधा फ्लेक्स लावून नारळ फोडा. एलईडीवाल्याला आजच फोन करून विचारा की कमीत कमी किती जाडीचा काठ त्याला चालतो, त्या जाडीचा फॉन्ट निवडा, आणि फाइल कर्व्ह करून, म्हणजे अक्षरांचं चित्रात रूपांतर करून द्या, नाहीतर त्याच्या मशीनवर तो फॉन्ट नसला की भलतंच काहीतरी कापून यायचं.